रेघ आणि गोळा

पाणकाकांना पोहता येत नव्हतं. एकवीस वर्षं दर गुरुवारी सकाळी विद्यापीठाच्या तळ्याला वळसा घालणारा हा माणूस काठापासून दोन हात लांबून चालायचा. आम्ही विद्यार्थी हसलो की म्हणायचा, "मला पक्षी मोजायचेत. मासे मोजायला सांगतील तेव्हा उतरू पाण्यात."

पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' असा होता. पाणकाका हे नाव कुठल्या तरी जुन्या तुकडीने ठेवलेलं. ते इतकं चिकटलं, की नव्या मुलांना त्यांचं खरं नाव विचारायचं सुचतही नसे. ते आले होते बदली माळी म्हणून, सहा महिन्यांसाठी. आमच्याकडे परिसरशास्त्राचा अभ्यासक्रम ज्यांनी सुरू केला ते मोठे सर एकदा तळ्याकडून चालले होते. बघतात तर माळी हातात झारी धरून पुतळ्यासारखा उभा. सरांनी विचारलं, "काय चाललंय?" माळी म्हणाला, "एक तपकिरी पाखरू आत्ता बुडालं. वर यायची वाट बघतोय." सरही शेजारी उभे राहिले. पाखरू वीस हात लांब टुपकन वर आलं. ती टिबुकली होती. मुठीएवढा पाणपक्षी, जरा चाहूल लागली की बुडी मारणारा. पुढच्या गुरुवारी सरांनी माळ्याच्या हातात झारीऐवजी रजिस्टर दिलं.

काम ऐकायला सोपं. तळ्याभोवती सात खांब रोवलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. प्रत्येक खांबापाशी दहा मिनिटं उभं राहायचं आणि किती टिबुकल्या दिसतात ते लिहायचं. रजिस्टरात एका दिवसाची एक ओळ, ओळीत सात रकाने. मोठ्या सरांचा नियम एकच होता : दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. सर निवृत्त झाले, पुढे वारले, त्यांच्यानंतर तीन विभागप्रमुख झाले. रजिस्टर चालू राहिलं. काकू घरी कपडे शिवायच्या. त्या म्हणायच्या, "ह्यांना तळ्यावरची पिल्लं तोंडपाठ. आपली मुलगी कितवीत आहे ते मात्र दरवेळी मला विचारतात." ती मुलगी आता नर्स आहे.

आम्ही वर्गात अन्नसाखळी शिकलो, अधिवास शिकलो, व्याख्या पाठ केल्या. चिखलात चालायला मात्र काकांनी शिकवलं. पहिल्याच फेरीला माझा बूट रुतला आणि मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "अगं पोरी, पाय काढ, बूट राहू दे. पुढच्या वर्षीच्या पोरांना जीवाश्म म्हणून सापडेल." सगळा वर्ग खिदळला. मग त्यांनीच कोपरापर्यंत हात घालून बूट ओढून काढला.

सात वर्षांनी मी त्याच विभागात सहायक प्राध्यापक म्हणून परत आले. पहिल्याच दिवशी काका खुर्ची पुसत म्हणाले, "बसा, मॅडम." मी म्हणायला हवं होतं, की काका, असं काय करता, मी तीच. मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला बरं वाटलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. 'मॅडम' हा शब्द घरी सांगण्यासारखा होता.

मला दुसऱ्या वर्षाला संवर्धन जीवशास्त्र शिकवायला दिलं होतं. एखादी प्रजाती एखाद्या जागेवरून कशी नाहीशी होते, ते किती आधी ओळखता येतं, हा त्यातला मोठा भाग. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सगळी लांबलांबची. मला वाटलं, आपल्या कपाटात एकवीस वर्षांची रजिस्टरं पडली आहेत, ती का नको? प्रोग्रॅमिंग मी स्वतःच्या हिमतीवर शिकले होते, त्याची खुमखुमीही होती. बारा विद्यार्थ्यांना रजिस्टरं वाटून दिली आणि सगळे आकडे संगणकावर चढवून घेतले.

रकान्यांत तीन प्रकारच्या नोंदी होत्या. कुठे आकडा, कुठे आडवी रेघ, कुठे छोटं वर्तुळ. एका मुलाने विचारलं, "मॅडम, रेघेचं काय करायचं?" मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "रेघ म्हणजे नोंद नाही, ती सोडून द्यायची. वर्तुळ म्हणजे शून्य." प्रोग्रॅममध्ये त्याच्या दोन ओळी लिहिल्या. काका तेव्हा त्याच खोलीत, माझ्यापासून दहा पावलांवर, सूक्ष्मदर्शकांवर कव्हरं घालत होते.

आलेख निघाला तो बघून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. पलीकडच्या काठावरच्या पाच, सहा आणि सात नंबरच्या खांबांची रेषा सुरुवातीला चांगली उंच, मग उतरत उतरत गेल्या चार वर्षांत जवळजवळ जमिनीला टेकलेली. दुसऱ्या दिवशी तो पडद्यावर लावून मी वर्गाला म्हटलं, "नामशेष होणं म्हणजे काय, ते पुस्तकात वाचलंत. हे आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यात झालंय." वर्ग एकदम गप्प झाला. मास्तरकीत असा गप्प वर्ग क्वचित मिळतो. मी दोन दिवस हवेत होते.

विभागप्रमुखांनी आलेख मागून घेतला. मला वाटलं कौतुकासाठी. पण पलीकडच्या काठावर भर घालून वाहनतळ करायचा विषय बांधकाम समितीपुढे होता, आणि त्या काठावर पक्षी राहतात या एका आक्षेपामुळे तो वर्षभर अडला होता. माझा आलेख समितीत गेला आणि अडचणच संपली. पक्षीच उरले नाहीत म्हटल्यावर वाचवायचं काय? महिनाअखेरीला सह्या व्हायच्या होत्या. मी विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, मी तर ऱ्हास दाखवायला काढला होता आलेख." ते म्हणाले, "दाखवलात की. फारच छान दाखवलात."

पुढच्या आठवड्यात पहिल्या बाकावरची जाड चष्म्याची विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. आम्ही तिला चष्मेवालीच म्हणायचो, तीही स्वतःला तेच म्हणायची. तिच्या हातात तिने टंकलेल्या पानांची प्रत होती.

"मॅडम, एक विचारू? मागच्या वर्षी संपात विद्यापीठ दहा दिवस बंद होतं ना?"

"हो. मग?"

"गेटला कुलूप होतं. वॉचमन कुत्र्यालासुद्धा आत सोडत नव्हता. त्या गुरुवारी काकांनी सातही खांबांवर शून्य लिहिलंय. मोजलं कुठून? भिंतीवर चढून?"

पुढची पंधरा मिनिटं माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी बऱ्याचदा आठवून पाहिलंय. काकांकडे जाऊन विचारावं, हे एकदाही आलं नाही. आलं ते एवढंच, की आकडे काकांचे आहेत, माझे नाहीत, आणि हे कुणी दुसऱ्याने काढण्याआधी मी सांगितलेलं बरं. मी ते रजिस्टर घेऊन थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, काका बहुतेक बसल्या जागी आकडे लिहितात."

त्यांनी लगेच काकांना बोलावलं. काका हात पुसत आले, मला बघून हसले, आणि रजिस्टर टेबलावर उघडं दिसल्यावर आणखी खुलले. एवढ्या वर्षांत कुणा विभागप्रमुखाने ते उघडलं नव्हतं.

"काका, संपाच्या वेळी गेट बंद होतं," विभागप्रमुख म्हणाले. "तुम्ही तळ्यावर गेला होता?"

"नाही, साहेब. कसा जाणार?"

"मग ही नोंद कशी आली?"

"गेलो नाही, म्हणून गोळा केलाय."

"न जाता गोळा केलाय?"

"न जाताच करायचा असतो, साहेब. गेल्यावर कशाला करू?"

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी सावकाश विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"पहिल्यापासून. मोठ्या सरांना माहीत होतं की. इतक्या वर्षांत लपवून काही केलेलं नाही. गुडघा धरल्यापासून पलीकडच्या काठाला जास्तच करावा लागतो, एवढंच."

आमच्या विभागात 'डेटा गोळा करणं' हे दिवसातून पन्नास वेळा बोललं जातं. तोच शब्द विभागप्रमुखांनी ऐकला. पण काका बोलत होते तेव्हा त्यांचं बोट रजिस्टरातल्या एका वर्तुळावर होतं आणि नखाने ते हळूहळू गिरवत होते. विभागप्रमुख चष्मा पुसत होते, त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं. गोळा म्हणजे ते वर्तुळ. जिथे गेलो नाही तिथे वर्तुळ काढलं. आणि जिथे दहा मिनिटं उभं राहून काहीच दिसलं नाही, तिथे आडवी रेघ. मी शून्यं होती तेवढी फेकून दिली होती आणि न गेलेले दिवस शून्य म्हणून मोजले होते.

"सर, ते वर्तुळाबद्दल बोलतायत." एवढंच वाक्य. ते माझ्या जिभेवर तयार होतं. पण समितीपुढचा आलेख माझा होता, नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरले होते, आणि आत्ताच मी या माणसावर बोट ठेवलं होतं. मी रजिस्टराकडे बघत बसले.

विभागप्रमुख म्हणाले, "काका, तुमचं वय बघून मी हे वर कळवत नाही. निवृत्तीला तीन महिने राहिलेत ना? तेवढे दिवस स्टोअर सांभाळा. तळ्याकडे फिरकू नका."

काका आधी हसलेच, थट्टा चालली आहे असं वाटून. मग हसू ओसरलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान वर केली नाही. त्यांची पावलं दारापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि मग जिन्यावर ऐकू आली.

प्रोग्रॅममधल्या त्या दोन ओळी उलटवायला मला अर्धं मिनिट लागलं. नवा आलेख जवळजवळ सपाट आला. पलीकडच्या काठावर टिबुकल्या आधीही थोड्याच होत्या आणि आताही तेवढ्याच होत्या. कमी झाल्या होत्या त्या काकांच्या फेऱ्या. तरीही मी स्वतःला सांगितलं, की आधी प्रत्यक्ष खात्री करायला हवी. शास्त्रीय पद्धत म्हणून नाही, आणखी एक दिवस मिळावा म्हणून. सकाळी सहा नंबरच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. काठापर्यंत पोचायला चिखलातून वीस मिनिटं लागली. त्या सुजलेल्या गुडघ्याने काका इथवर महिन्यातून एकदा तरी कसे येत होते कोण जाणे. दहा मिनिटं झाली, काही नाही. निघणार तेवढ्यात पाणकणसांच्या आडून एक टिबुकली बाहेर आली. पाठीवरच्या पिसांतून पिल्लांची दोन पट्टेरी डोकी बाहेर डोकावत होती. एरवी मी फोटो काढला असता. तेव्हा मात्र वाटलं, की हिने बुडी मारावी आणि मी काही बघितलंच नाही असं व्हावं.

आणखी एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्टोअरमध्ये गेले. काका चंचुपात्रं वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"काका, मला बोलायचं होतं."

"बोला, मॅडम."

मी सगळं सांगितलं. वर्तुळ, रेघ, प्रोग्रॅम, आलेख. ते चंचुपात्रं गुंडाळत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "आमच्या शाळेत पोरगं आलं नाही, की मास्तर हजेरीत गोळा करायचे. मोठ्या सरांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, न गेलेल्या दिवशी काय लिहू. ते म्हणाले, तुला कळेल ते लिही, फक्त कायम तेच लिही. मी कायम तेच लिहिलं."

"मला कळायला हवं होतं, काका."

"कळलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "साहेबांना नाही कळलं, ते चष्मा पुसत होते. तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होता. तुमचा चेहरा उतरलेला बघितला मी. म्हटलं, आता बोलतील. दारात थांबलोसुद्धा."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं होती.

"काका, मला माफ करा."

"माफीचं राहू दे." त्यांचा आवाज चढला. मी पहिल्यांदाच ऐकत होते तो. "बायकोला काय सांगितलंय माहितीय? गुडघ्यामुळे बसून काम दिलं. मुलीला फोनवर तेच सांगितलं. ती घरी आली, की मला काय विचारते? तळ्यावर काय दिसलं, हेच विचारते. काय सांगू, बाटल्या दिसल्या? माझ्या गुडघ्यासाठी सोबत माणूस द्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. कुणी दिला नाही. तेव्हा घरी बसून दोन-तीन आकडे ठोकले असते तर कुणाला कळलं असतं? तुम्हाला कळलं असतं?"

"नाही."

"मग? खरं लिहिलं म्हणून लबाड ठरलो." त्यांनी हातातलं चंचुपात्र खाली ठेवलं. "साहेबांना सांगा. पण लिहून द्या. तोंडी नको. तोंडी बोललं की काय होतं ते बघितलं."

मी त्या दिवशी लिहून दिलं. दीड पान झालं. रेघ म्हणजे काय, वर्तुळ म्हणजे काय, चूक कुणाची, आणि ती मला काका समोर उभे असतानाच कळली होती हेसुद्धा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. विभागप्रमुखांनी वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला. "गैरसमज झाला एवढंच लिहा ना. बाकी कशाला? समितीत आपलं हसं होईल."

"माझं होईल, सर."

"तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत."

"माहीत आहे."

पत्र समितीकडे गेलं. हसं झालं, नाही असं नाही. सह्या मात्र थांबल्या. पूर्ण एक वर्ष सातही खांबांवर नव्याने मोजणी करायची आणि मगच त्या काठाचं ठरवायचं, असा निर्णय झाला. माझं कायम होणं सहा महिने पुढे ढकललं गेलं. काकांना निवृत्तीपर्यंत रजिस्टर परत मिळालं, सोबत यायला दोन विद्यार्थीही मिळाले. विभागप्रमुख त्यांना जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काय काका, गुडघा कसा आहे?" तेवढंच.

वर्गाला सांगायचं राहिलं होतं. जिथे तो आलेख लावून मी वाहवा मिळवली होती, तिथेच दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. काकांना 'या' म्हटलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं. पण ते आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी सगळं क्रमाने सांगितलं. स्टोअरमधल्या बोलण्यापर्यंत आले तेव्हा चष्मेवालीने हात वर केला.

"मॅडम, त्या दिवशी मी शंका काढली, ती काकांवर गेली. सॉरी, काका." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही आधी काकांनाच का नाही विचारलं? ते तर खालच्याच मजल्यावर होते."

शिक्षकाला वेळ मारून नेता येते. फळा पुसता येतो, 'चांगला प्रश्न आहे' म्हणता येतं. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ते मला यातून सोडवणार नव्हते, आणि त्यांनी सोडवायचं काही कारणही नव्हतं.

"मला ते सुचलंच नाही," मी म्हणाले. "आकडे त्यांच्याकडून घ्यायचे असतात हे मला माहीत होतं. अर्थही त्यांनाच विचारायचा असतो, असं मला वाटलं नाही. ते परिचर होते आणि मी मॅडम होते."

वर्ग पुन्हा गप्प झाला. पण ही शांतता मागच्यासारखी नव्हती. यात कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. चष्मेवालीने मान खाली घातली, वही पुढे ओढली आणि मी बोलले ते शब्दाला शब्द उतरवून घेऊ लागली. मग शेजारच्या मुलाने पेन उचललं, आणि एकामागून एक सगळा वर्ग लिहू लागला. मी खडू हातात धरून त्यांचं लिहून होईपर्यंत उभी राहिले.